रिकाम्या आवरणावर लिहिलेलं

मण्यार चावते तेव्हा बहुतेक वेळा दुखत नाही. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला माणूस कूस बदलतो, काहीतरी टोचल्याचा भास होतो, डास असेल म्हणून तो पुन्हा झोपी जातो आणि पहाटे पोटात कळ येऊन उठतो. सूज नाही, रक्त नाही, दातांच्या खुणा भिंग घेऊन शोधाव्या लागतात. घरचे ओव्याचं पाणी देतात. हळूहळू पापण्या खाली येऊ लागतात, जीभ जड होते, थुंकी गिळता येत नाही. तेव्हा कुठे कुणाच्या तरी तोंडून निघतं, पान लागलं असेल. धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटाच्या कडेच्या भूम-वाशी पट्ट्यात काय किंवा तुळजापूर-उमरग्याकडच्या काळ्या रानात काय, पावसाळा लागला की हे भय घरात येतं आणि सोयाबीनची काढणी होईपर्यंत जात नाही.

अशा रुग्णाकडे नीट पाहावं लागतं. तो निपचित पडलेला असतो. डोळे मिटलेले, श्वास यंत्रावर किंवा कुणीतरी हातानं दाबत असलेल्या रबरी पिशवीवर. काही रुग्णांच्या बाहुल्या विस्फारलेल्या असतात आणि त्यावर बॅटरीचा उजेड टाकला तरी आकसत नाहीत. गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडत नाही. नवख्या डॉक्टरला वाटावं, मेंदू संपला. पण मेंदू शाबूत असतो. बरे झालेले रुग्ण सांगतात की खाटेजवळचं बोलणं त्यांना ऐकू येत होतं, नातेवाइकांचं रडणंसुद्धा. फक्त बोट हलवून 'मी आहे' एवढं सांगायची सोय उरली नव्हती. बिघाड मेंदूत नसतो, स्नायूतही नसतो. मज्जातंतू जिथे स्नायूला भेटतो त्या जागी असतो. मण्यारीच्या विषात एक घटक असा आहे की तो मज्जातंतूचं अगदी शेवटचं टोकच नष्ट करतो. टोक एकदा गेलं की प्रतिविष ते परत आणू शकत नाही. नागदंशात उपयोगी पडणारं निओस्टिग्मिनही इथे फारसं कामाला येत नाही. आणि तरीही, सोलापूर किंवा लातूरच्या रुग्णालयापर्यंत श्वास टिकवून धरता आला, तर काही दिवसांनी पापणी थोडी उचलली जाते, मग मान, मग हात. माणूस चालत घरी जातो.

म्हणजे नष्ट झालेलं टोक पुन्हा उगवलं. इतकंच नाही, ते बरोबर जुन्या जागी जाऊन बसलं. स्नायूच्या एका तंतूच्या पृष्ठभागाचा जेमतेम हजारावा भाग या भेटीसाठी राखलेला असतो. उरलेलं सगळं मोकळं रान सोडून मज्जातंतू तेवढ्याच ठिकाणी का जातो? तिथे काय लिहिलेलं असतं, आणि कुणी लिहिलेलं असतं?

या प्रश्नाचं मला ठाऊक असलेलं सर्वांत देखणं उत्तर एका शोधनिबंधात आहे. जोशुआ सेन्स, लॉरेन्स मार्शल आणि यू. जे. मॅकमहान यांनी तो १९७८ साली 'जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी'मध्ये प्रसिद्ध केला. त्यात साप नाही, रुग्ण नाही. बेडकाच्या छातीवरचा एक पातळसा स्नायू आहे. शोधनिबंधाचं रसग्रहण करावं का, असा प्रश्न कुणी विचारला तर माझं उत्तर सरळ आहे. ज्या लेखनात प्रत्येक कृतीला कारण असतं, एकही शब्द शोभेला आणलेला नसतो आणि शेवटी वाचणाऱ्याची जगाबद्दलची समजूत बदललेली असते, ते लेखन रस घेऊन वाचण्याच्या लायकीचं आहे.

आधी रंगमंच समजून घेऊ. मज्जातंतूचं टोक स्नायुतंतूला चिकटलेलं नसतं. दोघांमध्ये फट असते, सुमारे ५० नॅनोमीटरची, म्हणजे एका मिलिमीटरचा वीस हजारावा भाग. टोकात ॲसिटिलकोलिन भरलेल्या सूक्ष्म पिशव्या असतात. आज्ञा आली की त्या फटीत रित्या होतात. पलीकडे स्नायूच्या पडद्यावर ॲसिटिलकोलिन ओळखणारी प्रथिनं, म्हणजे रिसेप्टर, खच्चून बसलेले असतात. टोकाच्या बरोबर समोर एका चौरस मायक्रॉनमध्ये सुमारे दहा हजार, आणि थोडंसं बाजूला सरकलं की तुरळक. समोरचा स्नायूचा पडदा सपाटही नसतो, त्याला घड्या पडलेल्या असतात आणि टोकातल्या पिशव्या बरोबर त्या घड्यांच्या तोंडासमोर रांगेनं जमतात. इतका काटेकोर मेळ. आणि या फटीत आणखी एक पात्र आहे, जे कितीतरी वर्षं कुणी लक्षात घेतलं नव्हतं. प्रत्येक स्नायुतंतूभोवती प्रथिनं आणि शर्करा यांचं विणलेलं एक पातळ आवरण असतं, आधारपटल. ते तंतूला सगळीकडून वेढतं आणि भेटीच्या फटीतूनही आरपार जातं. त्यात पेशी नाही, केंद्रक नाही. वेष्टण म्हणून ते पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकलं जात असे.

तुटलेला मज्जातंतू वाढत परत येतो तेव्हा जुन्या जागाच शोधतो, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून माहीत होतं. शंका घ्यायला तिघे होते: स्वतः स्नायू, टोकावर पांघरूण घालणारी श्वान पेशी आणि हे आवरण. तिघेही एकाच जागी, एकमेकांना लागून. यातला खुणावणारा कोण, हे वेगळं काढायचं कसं?

सेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं ते सांगायला सोपं आणि करायला अवघड आहे. त्यांनी स्नायूच काढून टाकला. बेडकाच्या त्या पातळ स्नायूत मज्जातंतूच्या भेटीची जागा एका ठरावीक पट्ट्यात असते. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी स्नायुतंतू कापले आणि मज्जातंतूलाही इजा केली. कापलेले तंतू मेले, शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशींनी ते आतून खाऊन टाकले. पण आवरण कुणी खाल्लं नाही. रिकाम्या नळ्या तशाच उभ्या राहिल्या. आता धोका एवढाच होता की स्नायूच्या राखीव पेशी त्या नळ्यांत नवा स्नायू तयार करतील. म्हणून तो भाग क्ष-किरणांनी भाजून ती शक्यता बंद केली. नंतर वाट पाहिली.

इथे मी प्रत्येक वेळी थांबतो. कल्पना करा, मज्जातंतू वाढत परत येतो आहे. ज्याला भेटायचं तो स्नायू जगात नाही. उरलं आहे फक्त त्याच्या अंगावरचं आवरण, आतून पोकळ. सास्तूरकडची १९९३ च्या भूकंपातली जुनी गावठाणं पाहिलेल्याला हे चित्र नवं नाही: घर गेलं, जोतं राहिलं आणि जोत्यावरून देवघर कुठे होतं ते अजून दाखवता येतं. मज्जातंतू आला आणि त्या रिकाम्या नळीवर, बाकीचा पृष्ठभाग टाळून, जुन्या जागीच टेकला. जुनी जागा ओळखायलाही खूण होती. ॲसिटिलकोलिनचं विघटन करणारं एन्झाइम त्या आवरणात अडकून राहतं आणि रंग दिला की डाग दिसतो. परत आलेली टोकं जवळजवळ सगळी त्या डागांवर होती.

एवढ्यावर निबंध संपला असता तरी तो मोठा ठरला असता. पण पुढचा तपशील मला जास्त भावतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर त्या टोकांत पिशव्या पुन्हा जमल्या होत्या, आणि कुठेही नाही, तर ज्या ठिकाणी पूर्वी स्नायूच्या पडद्याच्या घड्यांची तोंडं होती त्यांच्या समोर. घड्या आता नव्हत्या, कारण पडदाच नव्हता. आवरणाचे घड्यांत शिरलेले छोटे फाटे तेवढे मागे उरले होते. जो ऐकणारा नाही त्याच्यासाठी मज्जातंतूनं बोलण्याची सगळी तयारी करून ठेवली, आणि तीही जुन्या आसनासमोर बसून. श्वान पेशी टोकाच्या पाठीशी होत्या, हे खरं. पण पिशव्यांची रांग ज्या बाजूला आणि ज्या नेमक्या बिंदूंना तोंड करून लागली, ती बाजू आवरणाची होती. माझ्या मते त्या निबंधातला निर्णायक पुरावा हाच. टोक जुन्या जागी आलं, यापेक्षा आल्यावर त्यानं मांडामांड कशी केली, यात सगळा अर्थ आहे.

या लेखनाची शैलीही पाहण्यासारखी आहे. शास्त्रीय गद्य भावना दाखवत नाही, अशी तक्रार असते. इथे भावना रचनेत आहे. स्नायू काढणे, त्याची पुनर्निर्मिती थांबवणे, मज्जातंतूला येऊ देणे, या तीन पायऱ्यांमध्ये एकही अलंकार नाही. एकेका पायरीनं एकेका संशयिताला मंचावरून खाली उतरवलं जातं आणि शेवटी उरतं ते पात्र, ज्याच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. निष्कर्षही मोजून मापून: आवरणात किंवा आवरणाला जोडलेलं काहीतरी मज्जातंतूला दिशा देतं. 'काहीतरी'. त्याचं नाव तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं आणि निबंधानं तसा आवही आणला नाही.

पुढच्याच वर्षी त्याचा जोडनिबंध आला, स्टीव्हन बर्डन, पीटर सार्जंट आणि मॅकमहान यांचा. पहिल्यात स्नायू वजा केला होता, दुसऱ्यात मज्जातंतू. रिकाम्या नळीत स्नायूला पुन्हा उगवू दिलं आणि मज्जातंतूला परत येण्याची वाट बंद केली. नवा स्नायुतंतू, ज्याला कधीच कुणी आज्ञा दिलेली नाही, आपल्या जुन्या आवरणात वाढला आणि त्यानं आपले रिसेप्टर बरोबर जुन्या जागी गोळा केले. दोन्ही निबंध शेजारी ठेवले की चित्र पूर्ण होतं. आवरणावरचा मजकूर दोन्ही बाजूंनी वाचता येतो. मज्जातंतूलाही तो कळतो आणि स्नायूलाही.

रिसेप्टर कुठे जमले, हे दिसलं कसं? मण्यारीच्या विषामुळे. तैवानमधल्या पट्टेरी मण्यारीच्या विषातून चांग आणि ली यांनी १९६३ मध्ये वेगळं केलेलं अल्फा-बंगारोटॉक्सिन हे प्रथिन ॲसिटिलकोलिनच्या रिसेप्टरला धरतं ते सोडतच नाही. त्याला किरणोत्सारी खूण लावली की रिसेप्टर मोजता येतात. त्याच विषातला दुसरा घटक, बीटा-बंगारोटॉक्सिन, मज्जातंतूचं टोक मारतो. एक घटक पलीकडच्या काठावर काम करतो, दुसरा अलीकडच्या. आपल्याकडची मण्यार त्याच वंशातली, तिच्या विषातही मज्जातंतूच्या टोकावर असाच घाला घालणारी प्रथिनं आहेत. मज्जातंतू आणि स्नायू यांच्या या भेटीची, म्हणजे संधीची, अर्धी विद्या या सापानं माणसाला शिकवली, असं मी म्हणतो ते अतिशयोक्ती म्हणून नाही.

आणि बेडकावरचं हे जुनं काम मण्यारीच्या रुग्णापर्यंत कसं पोचतं ते २००५ मध्ये न्यूकॅसलच्या जॉन हॅरिस यांच्या गटानं 'ब्रेन' नियतकालिकात दाखवलं. प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या पायात बीटा-बंगारोटॉक्सिन टोचलं. एका दिवसात स्नायूवरची मज्जातंतूची टोकं नाहीशी झाली. मग काही दिवसांतच नवी टोकं फुटून जुन्याच जागांवर येऊ लागली, आणि सातव्या दिवसापर्यंत स्नायू पूर्ण सावरले. रुग्णाला यंत्रावर किती काळ ठेवावं लागतं आणि औषधं का हात टेकतात, याचा अर्थ इथे लागतो. विषानं टोक नेलं, आवरण नेलं नाही. मजकूर शाबूत आहे. वाचणारा परत येईपर्यंत श्वास चालू ठेवायचा आहे. भारतात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं दगावतात, असा २००० ते २०१९ या काळाचा अंदाज 'ईलाइफ' नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. त्यातली मण्यारीची माणसं पुष्कळदा अशा वेळी जातात की त्यांच्या शरीरात दुरुस्तीची सगळी तजवीज जागेवर असते. कमी पडतात ते तास, रस्ता आणि एक व्हेंटिलेटर. हे वाक्य लिहिताना मला राग येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं.

आवरणावरच्या त्या मजकुरातलं रिसेप्टर गोळा करणारं प्रथिन बेडकात सापडणं शक्य नव्हतं. भेटीची जागा स्नायूच्या हजाराव्या हिश्श्याएवढी, तिच्यातून प्रथिन गाळून काढायचं तर किती बेडूक लागतील? मॅकमहान यांचा गट समुद्राकडे वळला. टॉर्पेडो नावाच्या विद्युत-माशाचं वीज निर्माण करणारं अंग हे मुळात स्नायूचंच रूपांतर असतं आणि त्यावर अशा संधींची दाटी असते. त्या अंगाचा अर्क प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्नायुपेशींवर टाकला की विखुरलेले रिसेप्टर पुंजक्यांत गोळा होतात. त्यातलं काम करणारं प्रथिन १९८७ मध्ये वेगळं झालं आणि त्याला ॲग्रिन हे नाव मिळालं. १९९० मध्ये मॅकमहान यांनी आपला सिद्धान्त मांडला: ॲग्रिन मज्जातंतूच तयार करतो, टोकापर्यंत वाहून नेतो, फटीत सोडतो, आणि ते आवरणात अडकून तिथेच राहतं. म्हणजे आवरणावर जो मजकूर मिळतो त्यातला एक भाग पूर्वी मज्जातंतूनंच तिथे ठेवलेला असतो.

नंतरच्या कड्या भराभर जुळत गेल्या, म्हणून त्याही भराभरच सांगतो. १९९५ मध्ये रॅप्सिन, म्हणजे रिसेप्टरांना आतून बांधून ठेवणारं प्रथिन, नसलेले उंदीर झाले. १९९६ मध्ये ॲग्रिन नसलेले आणि मस्क हे स्नायूतलं प्रथिन नसलेले. तिन्ही प्रकारांत रिसेप्टर नीट जमले नाहीत आणि पिल्लं जन्मतःच किंवा काही तासांत गेली, श्वास घेता न आल्यामुळे. २००६ मध्ये डॉक-७ सापडलं, जे मस्कला आतून चेतवतं. ॲग्रिन थेट मस्कला चिकटत नाही, मधला दुवा कोण हे कोडं २००८ मध्ये सुटलं: एलआरपी-४. ते सोडवणाऱ्या दोन गटांपैकी एक स्टीव्हन बर्डन यांचा. १९७९ च्या निबंधातलेच बर्डन. एकाच सूक्ष्म फटीपाशी एक माणूस तीस वर्षं बसला, या गोष्टीचं मला अपार कौतुक आहे.

पण सिद्धान्त जसाच्या तसा टिकला नाही, आणि या कथेतलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं वळण तेच आहे. २००१ मध्ये दोन गटांनी दाखवलं की ज्या उंदरांच्या भ्रूणात स्नायूपर्यंत मज्जातंतू पोचलेलाच नाही, त्यांच्या स्नायूच्या मध्यभागीही रिसेप्टरांचे पुंजके आपसूक तयार होतात. स्नायू पाहुण्याची वाट न पाहता बैठक घालून ठेवतो. मग ॲग्रिन नसताना ते पुंजके नाहीसे का होतात? उत्तर २००५ मध्ये आलं. मज्जातंतू जे ॲसिटिलकोलिन सोडतो, तेच रिसेप्टरांना पांगवतं. ॲग्रिनही नाही आणि ॲसिटिलकोलिनही नाही अशा उंदरांत पुंजके टिकून राहतात. म्हणजे एकच मज्जातंतू दोन गोष्टी करतो: बोलण्यानं रिसेप्टर विस्कटतो आणि ॲग्रिननं आपल्या समोरचे तेवढे राखतो. बाकीचे विखुरतात, समोरचे उरतात. भेट एकाच जागी का होते, याचं उत्तर 'तिथे ओढ आहे' इतकंच नाही. इतर सगळीकडून पुसून टाकलं जातं, हेही आहे. पहिला सिद्धान्त सुंदर होता, दुरुस्त झालेला अधिक खरा आहे, आणि मला तो अधिक सुंदरही वाटतो.

या साखळीतली एखादी कडी जन्मतःच कच्ची असली तर काय होतं, ते दवाखान्यात दिसतं. मूल उशिरा चालतं, जिना चढताना रेलिंग धरतं, पापण्या अर्ध्या उतरलेल्या. डॉक-७ च्या जनुकातल्या दोषानं असा जन्मजात मायस्थेनिया, म्हणजे स्नायूंचा अशक्तपणा, होतो. आईवडील दोघांकडूनही दोष यावा लागतो, त्यामुळे मामाच्या किंवा आत्याच्या घरात सोयरीक करण्याची रीत जिथे आहे तिथे अशा आजारांचा संभव वाढतो, आणि आपल्या भागात ती रीत आहे. मायस्थेनिया म्हटलं की डॉक्टरांचा हात पायरिडोस्टिग्मिनकडे जातो. या मुलांना ते मानवत नाही, उलट अशक्तपणा वाढू शकतो. याउलट दम्यासाठी वापरलं जाणारं साधं साल्ब्युटामॉल, काही आठवडे-महिने चिकाटीनं दिलं, तर मूल उभं राहतं. पायरिडोस्टिग्मिननं फटीतलं ॲसिटिलकोलिन वाढतं, आणि ॲसिटिलकोलिन पांगवतं, हे २००५ सालचं वाक्य ज्यानं वाचलं आहे त्याला यातली संगती चटकन दिसते. मोठ्या वयात होणाऱ्या मायस्थेनियाच्या काही रुग्णांत शरीर मस्कविरुद्धच प्रतिपिंडं तयार करतं, हे २००१ मध्ये कळलं. साखळीतलं प्रत्येक नाव आता एखाद्या रुग्णाच्या फाइलवर आहे.

हे सगळं दूरदेशीचं म्हणून बाजूला ठेवायचं कारण नाही. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आणि आयसर इथून २०१५ मध्ये 'जेनेटिक्स' नियतकालिकात आलेला एक निबंध मी याच मालिकेत वाचतो. देवसिगामणी, बसर्गेकर, श्वेता, सोनवणे, गिरीश रत्नपारखी आणि अनुराधा रत्नपारखी हे त्याचे लेखक. प्राणी आहे फळमाशी, वय अळीचं. माशीच्या या संधीत ॲसिटिलकोलिनऐवजी ग्लुटामेट वापरलं जातं, म्हणून रिसेप्टरही वेगळे. मज्जातंतूची टोकं स्नायूवर मण्यांच्या ओळीसारखी फुगीर दिसतात. अळीचं अंग उघडून पसरलं की सगळी ओळ सूक्ष्मदर्शकाखाली एका नजरेत मावते, म्हणून हा प्राणी.

निबंधाचा नायक आहे मॉन-१ हे प्रथिन, आणि नायक म्हणून त्याची निवड अनपेक्षित आहे. मॉन-१ ची ख्याती संधी घडवणारा म्हणून नव्हती. पेशीत बाहेरून आत घेतलेला माल ज्या पिशव्यांतून पुढे सरकतो, त्यांच्या एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर जाण्याची व्यवस्था ते पाहतं. यीस्टपासून माणसापर्यंत सगळ्यांत ते आहे. पेशीच्या मालवाहतुकीतला कारकून म्हणावा असा. गुणसूत्रात उडी मारून बसणारा एक जनुकखंड बाहेर काढताना शेजारचा भाग तुटावा, या युक्तीनं लेखकांनी मॉन-१ नसलेल्या माशा तयार केल्या. त्या अल्पायुषी निघाल्या आणि त्यांना धड चालता येईना. संधीपाशी पाहिलं तर एकेका मोठ्या फुगवट्याभोवती बारीक जादा फुगवटे उगवले होते. टोकाच्या बाजूला ब्रूखपायलट हे पिशव्या सुटण्याच्या जागी असणारं प्रथिन कमी, आणि पलीकडे स्नायूच्या बाजूला ग्लुटामेटचा 'ए' जातीचा रिसेप्टर ठळकपणे जास्त.

यानंतरची चाल पाहा. मॉन-१ सगळ्या शरीरातून गेलं होतं, तेव्हा रिसेप्टर वाढले ते स्नायूतल्या उणिवेमुळे की मज्जातंतूतल्या? लेखकांनी मॉन-१ फक्त मज्जातंतूत कमी केलं. तेवढ्यानंच पलीकडे रिसेप्टर वाढले. अलीकडच्या काठावरची उणीव, पलीकडच्या काठावर परिणाम. १९७८ च्या प्रयोगातली पद्धत इथे वेगळ्या हत्यारानं पुन्हा दिसते: शेजारी-शेजारी उभ्या असलेल्यांतून एकालाच बाजूला काढा आणि दुसऱ्याचा चेहरा वाचा.

सर्वांत सावध आणि म्हणून मला सर्वांत आवडलेला भाग त्यानंतर येतो. मॉन-१ नसलेल्या टोकांत ग्लुटामेटच्या पिशव्या नेहमीपेक्षा लहान होत्या. इथे एक सोपं स्पष्टीकरण हाताशी होतं: अलीकडून माल कमी येतो म्हणून पलीकडचा स्नायू भरपाईसाठी रिसेप्टर वाढवतो, इतकंच. लेखकांनी पिशव्यांत ग्लुटामेट भरणाऱ्या प्रथिनाची मात्रा वाढवून पाहिली. फुगवट्यांचा आकार सुधारला, वाढलेले रिसेप्टरही खाली आले. म्हणजे माल वाढल्याचं कळून घेण्याची आणि त्याप्रमाणे आवरतं घेण्याची स्नायूची जुनी यंत्रणा धडधाकट आहे. ती बिघडल्यामुळे रिसेप्टर वाढले, असं म्हणता येत नाही. म्हणून लेखक त्याहून वेगळ्या, मज्जातंतूकडून फटीपलीकडे चालणाऱ्या एका नियंत्रणाची बाजू मांडतात आणि मॉन-१ ला त्या यंत्रणेचा एक भाग म्हणतात. एक भाग, मालक नाही. मज्जातंतू आपल्या श्रोत्याला केवळ गोळा करत नाही, त्याच्या कानांची संख्या मर्यादेतही ठेवतो, हा ॲसिटिलकोलिनच्या गोष्टीत दिसलेला दुसरा हात इथे वेगळ्या प्राण्यात, वेगळ्या रसायनासह दिसतो. दोन्हींची प्रथिनं एक नाहीत आणि ती एक आहेत असं कुणी म्हणू नये. पण जमवणं आणि आवरणं अशा दोन हातांनी ही जागा घडते, हे दोन्हीकडे खरं आहे.

मॉन-१ स्वतः मालवाहतुकीत असल्यामुळे पुढचा प्रश्न त्या निबंधातूनच उठतो. ते ज्या पिशव्यांची व्यवस्था पाहतं, त्यांपैकी कुठल्या पिशवीतून कोणता निरोप फटीत पडतो आणि पलीकडच्या रिसेप्टरांना आवरतो? सेन्स यांच्या निबंधानंतर आवरणावरच्या एका संकेताला नाव मिळायला नऊ वर्षं लागली, आणि त्यासाठी बेडूक सोडून समुद्रातला मासा धरावा लागला. माशीत मात्र एकेक जनुक उचलून पाहण्याची सोय आहे, आणि ते काम हाती घेणारी प्रयोगशाळा पुण्यात आहे.